आरशातले मामा

चाक्याला चाक्या हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीनं ठेवलं आणि ठेवताना तिला फार डोकं चालवावं लागलं नाही. लहानपणी हा पोरगा चित्रात जे काढेल त्याला चाकं लावायचा. पलंगाला चाकं, कपाटाला चाकं, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीला चाकं. त्या खुर्चीपायी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, तर तिथे उभ्या उभ्या त्यानं हातावर पेनानं शाळेची इमारत काढली आणि तिलाही चाकं लावली. वय वाढलं की माणसं सुधारतात म्हणतात. चाक्या काही सुधारला नाही, उलट त्यानं त्याच खोडीवर पोट भरायला सुरुवात केली.

चाळिशीला टेकला तेव्हा तो दिवसभर घरी बसून कल्पनेतल्या गाड्या काढत होता. म्हणजे अशा गाड्या, ज्या कुठेच नाहीत. कुणाला मुखपृष्ठासाठी तळ्यावरून चालणारी बस हवी असे, कुणाला खेळ बनवणाऱ्या कंपनीसाठी सहा पायांचा ट्रक. एका हौशी जोडप्यानं पाठीला पाठ लावून बसायची मोटरसायकल काढून घेतली होती. का, ते चाक्यानं विचारलं नाही. आधी कागदावर पेन्सिल, मग तो कागद संगणकात घेऊन त्यावर रंगाचे, सावलीचे, चकाकीचे थर चढवायचे. गाडीच्या पत्र्यावर आभाळ कुठे पडेल, खालचा रस्ता कुठे दिसेल, ते तो अशा बारकाईनं रंगवायचा की बायको येता-जाता पडद्यावर फडकं मारायची आणि मग तिच्या लक्षात यायचं की धूळ पडद्यावर नाही, चित्रातल्या गाडीवर आहे.

घरात या धंद्याची टिंगल ठरलेली होती. आई म्हणायची, "तुझ्या गाड्यांचं एक बरं आहे, पंक्चर होत नाहीत." बहीण आली की दारातूनच विचारायची, "काय, कागदी घोडे नाचतायत ना?" चाक्या हसायचा. पण खरं सांगायचं तर त्याला ते लागायचं. इतक्या वर्षांत इतक्या गाड्या काढल्या, एकीनंही कधी रस्त्याची धूळ खाल्ली नव्हती. एकीतही कधी कुणी चढलं नव्हतं, उतरलं नव्हतं, आत काही विसरलं नव्हतं. आपली एक तरी गाडी खरी चालावी, एवढी एकच इच्छा त्यानं मनाच्या तळाशी ठेवली होती आणि ती कुणाला सांगायची त्याला लाज वाटायची.

ती इच्छा वर काढली सलूनवाल्या मामांनी.

मामा म्हणजे कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीतल्या सलूनचे मालक. साठी उलटलेले, बारीक अंगाचे, आणि बोलण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते फक्त "मान खाली" म्हणत आणि काम संपलं की "झालं". चाक्या लग्न होऊन या भागात राहायला आला तेव्हापासून त्यांच्याकडेच केस कापायचा. या दोन वाक्यांवर दोघांचा उत्तम स्नेह जमला होता. बाकावर नंबर लावून बसला की चाक्या खिशातला कागद काढायचा आणि गाडी काढायला लागायचा. नंबर आला की खुर्चीत जाऊन मान खाली घालायचा. म्हणजे सलूनमध्ये त्याची मान तशी वर कधी नव्हतीच.

एके दिवशी मामांनी नेहमीची दोन वाक्यं सोडून तिसरं काढलं. "चित्रकार, माझी एक गाडी काढाल का?"

चाक्यानं झटकन मान वर केली.

"मान खाली," मामा म्हणाले, आणि मग सवय नसल्यासारखे थांबत थांबत बोलू लागले. "ही इमारत पाडायची ठरलीय. नवी जागा बघावी, तर माझी निम्मी गिऱ्हाइकं आता जिना उतरत नाहीत. गुडघे गेलेत. म्हटलं, त्यांनी माझ्याकडे येण्यापेक्षा दुकानच त्यांच्या दाराशी न्यावं. मालाची तीनचाकी असते ना, बॅटरीवरची, तशी एक घेतलीय. तिच्यावर मागे सलून बांधायचं. बॉडीवाला बांधून देतो म्हणतोय, पण म्हणतो, चित्र आणा. आता चित्र म्हटलं की माझ्या ओळखीत तुम्हीच."

"म्हणजे खरी बनणार?" चाक्यानं विचारलं.

"खरी नाही तर काय. मला त्यात उभं राहून केस कापायचेत."

चाक्या घरी आला तो हवेत. बायकोला सांगितलं, आईला सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं. बहीण म्हणाली, "बघ हं, खऱ्या गाडीला चाकं खालच्या बाजूला असतात." त्यानं तेही हसून घेतलं.

मग तो कामाला असा लागला, की तळ्यावरची बस तळ्यातच राहिली. बाहेरचं रूप आधी जमलं. पुढे चालवणाऱ्याची छोटी केबिन, मागे सलून, आणि दोन्हींवरून एकच छप्पर, पुढून मागे हलकं उतरत आलेलं. दोन्ही बाजूंना सारख्या रुंद खिडक्या. छताला मधोमध गोल काच, म्हणजे उजेड सरळ गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. चढायचं मागून, आणि पायरी इतकी खाली की गुडघे गेलेल्या माणसालाही ती चढताना कुणाचं नाव घ्यावं लागू नये. रंग त्यानं कच्च्या कैरीचा निवडला, आणि पत्र्यावर एक छान लांबलचक दुपार चकाकत ठेवली.

आतलं काम मात्र अवघड. आत एक खुर्ची, तिच्यासमोर आरसा, मामांना उभं राहायला जागा, सोबत आलेल्या माणसासाठी भिंतीला दुमडणारं बाकडं, आणि कंगवे, कात्र्या, बाटल्या, पाण्याचं छोटं बेसिन यांचं एक कपाट. एवढ्याशा जागेत कपाट हाताशी हवं. हाताशी म्हणजे नेमकं कुठे, हे कळायला चाक्या रोज सलूनमध्ये जाऊन बसू लागला. मामांकडे कुणी टक लावून बघितलं की त्यांचे हात आखडायचे, म्हणून तो मागच्या बाकावरून चोरून बघायचा. मागून त्यांची पाठच दिसणार. हात दिसायचे ते समोरच्या आरशात. आरशातल्या मामांची त्यानं ढीगभर चित्रं काढली: मामा वाकलेले, मामा बाजूला सरकलेले, मामा कात्री तोलून धरून विचारात पडलेले. त्या चित्रांवरून त्यानं कपाटाची जागा नक्की केली, मामांच्या उजव्या हाताला. आणि मग आतलं मोठं चित्र रंगवायला घेतलं. जणू समोरची भिंत काढून टाकली आहे आणि आपण आत बघतो आहोत: खुर्ची, खुर्चीत एक म्हातारबाबा, मागे मामा, हातात कात्री, शेजारी कपाट.

इथे चाक्याच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. चित्र काढणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला एक कल असतो. कुणाचं चित्र नकळत एका बाजूला झुकतं, कुणाचं दुसऱ्या. आणि आपलं चित्र आपल्याला कधी वाकडं दिसत नाही, जसं आपलं पोर आपल्याला द्वाड वाटत नाही. म्हणून चित्र उलटवून बघायचं असतं, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. उलटवलं की झोक उघडा पडतो. पूर्वी चाक्या यासाठी चित्रासमोर बायकोचा हातातला आरसा धरायचा, त्यामुळे तो आरसा बायकोला लग्नानंतर कधी जागेवर सापडला नाही. आता संगणकात एक कळ दाबली की चित्र उलटं. चुका दुरुस्त करायच्या, पुन्हा कळ दाबायची, चित्र सुलटं. दिवसातून कितीदा तरी तो हे करायचा, डोळ्यांची उघडझाप करावी तितक्या सहज.

एका दुपारी आतलं चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. चाक्यानं ते उलटवलं, म्हातारबाबांचा खांदा जरा उचलला, छतातून येणारा उजेड थोडा पुसला, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात मामा. सलूनला त्या दिवशी सुट्टी होती. इस्त्रीचा सदरा घालून ते आपली गाडी बघायला आले होते.

आईनं त्यांना बसवलं, चहा टाकला. चाक्यानं खुर्ची ओढून त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. आधाराला त्यानं त्याच खुर्चीची पाठ धरली. कंपन्यांच्या साहेबांना चित्र दाखवताना त्याला कधी असा आधार लागला नव्हता.

बाहेरचं चित्र मामांनी बघितलं आणि मान हलवली. आतलं चित्र आल्यावर मात्र ते पुढे झुकले. चित्रातल्या मामांच्या कात्रीच्या हातावर त्यांनी बोट ठेवलं. मग ते बोट सावकाश शेजारच्या कपाटावर नेलं.

"हे इथे?" त्यांनी विचारलं.

"हो. हाताशी हवं ना."

"तुम्ही बघितलंत म्हणजे."

"बघितलं ना. इतके दिवस बाकावर बसून तेच तर करत होतो."

"नाही, म्हणजे…" मामा म्हणाले आणि थांबले. "इतक्या वर्षांत कुणी बघितलं नाही."

आई चहा घेऊन आली तर मामा डोळे पुसत होते. तिला वाटलं, लेकानं काहीतरी भलतंच काढलं. मामांनी अर्धा कप चहा घेतला, चाक्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि "झालं" म्हणून निघून गेले.

त्या पाठीवरच्या हातानं चाक्याची जी तंद्री लागली, ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. आपण माणसाचं चित्र काढलं आणि माणूस रडला, यापेक्षा चित्रकाराला काय हवं. त्याच तंद्रीत त्यानं आतल्या चित्रावर मापं लिहिली, इथून इथपर्यंत इतकं, तिथून तिथपर्यंत तितकं, आणि सगळं बॉडीवाल्याला पाठवून दिलं. कळ पुन्हा दाबायची राहून गेली. मापांचे आकडे नंतर लिहिलेले, म्हणून ते सुलटे होते. एक आकडा जरी उलटा दिसता तरी चूक तिथेच कळली असती. पण तसं व्हायचं नव्हतं.

बॉडीवाला हा ट्रकचे डबे बांधणारा अगडबंब देहाचा माणूस. त्याची शेड गावाबाहेरच्या रस्त्यावर होती. त्याला सरळ रेषा आवडायच्या. छपराचा उतार बघून त्यानं फोन केला, "हे वळण कोण वाकवणार? तुम्ही काढलंय, तुम्हीच या वाकवायला." चाक्या खरंच गेला. दिवसभर पत्र्याचं एक टोक धरून उभा राहिला, हाताला फोड आले, आणि संध्याकाळी तो पत्रा जेव्हा सांगाड्यावर चपखल बसला तेव्हा बॉडीवाल्यानं दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाला, "दिसतंय बरं." त्या गोटातून ही फार मोठी दाद होती. चाक्यानं घरी येऊन फोड आईला दाखवले. आई म्हणाली, "म्हणजे ही गाडी पंक्चर होणार म्हणायची," आणि हळद शोधायला गेली.

मग तळ्यावरची बस पुरी करायची होती, त्यात दिवस गेले. आतलं काम बघायला जाणं जमलं नाही. एका सुट्टीच्या सकाळी चहा पिताना बॉडीवाल्याकडून गाडीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, गाडी तयार, मामा घेऊन गेले.

मागचं दार उघडं, आतून सगळं लख्ख. खुर्ची, आरसा, गोल काचेतून पडलेला उजेड. चाक्याचा ऊर भरून आला. दुसऱ्या क्षणी त्याचं कपाटाकडे लक्ष गेलं. दारातून बघताना कपाट डाव्या भिंतीला होतं.

"फोटो उलटा काढलाय यानं," तो बायकोला म्हणाला.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. नजर तिचा धंदाच होता. तिनं फोटो मोठा करून बघितला. "फोटो सरळ आहे. तो कोपऱ्यात रंगाचा डबा बघ. अक्षरं नीट वाचता येतायत."

चाक्यानं कप तसाच ठेवला आणि संगणक उघडला. पाठवलेलं चित्र पडद्यावर आणलं. कळ दाबली. पुन्हा दाबली. मग खुर्चीत मागे टेकून बसला आणि त्याचा चेहरा असा उतरला की बायकोनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"मी उलटंच पाठवलं," तो म्हणाला. "मामा उजव्या हातानं काम करणार आणि सामान सगळं डावीकडे. प्रत्येक कंगव्यासाठी त्यांना वळावं लागणार. सबंध दिवस. त्यांचं दुकान गेलं, ही एक गाडी आहे, आणि ती मी उलटी काढून दिली."

त्यानं बॉडीवाल्याला फोन लावला. कपाट पलीकडच्या भिंतीला नेता येईल का?

"पाण्याची टाकी, नळ्या, सगळं त्याच भिंतीत आहे," बॉडीवाला म्हणाला. "ते हलवायचं म्हणजे गाडी सोलायची. आणि का हलवायचं? मामा तर खूश होते. हात फिरवत बसले होते कपाटावर."

"ते भले आहेत म्हणून," चाक्या फोन ठेवून म्हणाला. "बोलणार नाहीत. मुळात बोलतातच कुठे."

"मग तू बोल," बायको म्हणाली. "आत्ता जा आणि सांग. ते गप्प बसले म्हणून तूही गप्प बसलास तर ते मामांनाच मामा बनवल्यासारखं होईल."

चाक्या चपला घालून निघाला. वाटेत त्यानं मनातल्या मनात वाक्यं जुळवली. मामा, माझी चूक झाली. मामा, माझ्या हातून एक गोंधळ झालाय. कुठलंच वाक्य नीट होईना. इतकी वर्षं कागदी घोडे नाचवले, कुणाचं काही बिघडलं नाही. पहिला खरा घोडा काढला आणि त्याला शेपटीकडे तोंड.

गाडी शोधावी लागली नाही. दोन गल्ल्या सोडून जुन्या बंगल्यांची ओळ होती, तिथे एका झाडाखाली ती उभी होती. आणि काळजी असूनही चाक्या क्षणभर जागीच थांबला. कैरीचा रंग. उतरतं छप्पर. पत्र्यावर खरं आभाळ पडलं होतं, आणि त्यानं रंगवलं होतं त्याच्यापेक्षा ते जरा वाकडंतिकडं होतं, कारण पत्र्याला एके ठिकाणी बारीक पोचा होता. चाकांना चिखल लागला होता. त्याला अतिशय आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

मागचं दार उघडं होतं. आत खुर्चीत एक आजोबा, बाकड्यावर त्यांची सून पिशवी मांडीवर घेऊन. मामा पाठमोरे उभे.

"मान खाली," मामा म्हणाले.

चाक्या पायरीपाशी उभा राहिला. आता मामा वळतील, आता अवघडतील, म्हणून श्वास रोखून बघत राहिला. मामा वळले नाहीत. त्यांनी न बघता हात बाजूला नेला, कात्री ठेवली, कंगवा उचलला, केस विंचरले, कंगवा ठेवला, पुन्हा कात्री उचलली. सगळं खांदा न हलवता. गेली कित्येक वर्षं तिथेच कपाट असल्यासारखं. चाक्याला काही कळेना. तो पुन्हा बघू लागला, आणि या वेळी कपाटाऐवजी हाताकडे. कात्री मामांच्या डाव्या हातात होती.

त्याला आधी वाटलं, आपण आरशात बघतोय. आरसा पलीकडे होता. मधे काच नव्हती, काही नव्हतं. तीन पावलांवर मामा उभे होते आणि डाव्या हातानं केस कापत होते. कायमच डाव्या हातानं कापत आले असणार. इतकी वर्षं यांच्या हाताखाली मान दिली, ढीगभर चित्रं काढली, ती सगळी आरशातल्या माणसाची. दिवसातून कितीदा तरी चित्र उलटवून बघणाऱ्या या शहाण्याला एवढंही सुचलं नव्हतं, की आरसाही तेच करतो.

आजोबांचे केस झाले. सुनेनं त्यांना धरून उतरवलं. पायरी उतरताना आजोबा कुणाचं नाव न घेता उतरले.

"या चित्रकार," मामा म्हणाले. "बसा. वाढलेत."

चाक्या बसला. मामांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आज त्यांची कळी खुलली होती आणि ते चक्क आपणहून बोलू लागले.

"मी शिकायला राहिलो ना, तेव्हा उस्ताद डाव्या हातावर फणीनं मारायचे. म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या डोक्याला डावा हात लावू नकोस. उजव्यानं जमेचना. मग डावाच चालवला, पण लपून छपून. पुढे दुकान मेव्हण्याकडून आलं, तिथे सगळं उजव्या अंगाला ठोकलेलं. प्रत्येक वस्तूसाठी वळायचं. हा खांदा त्यानंच गेला. लोक म्हणतात, डाव्या हातचा मळ, म्हणजे सोप्पं काम. माझं अख्खं आयुष्य डाव्या हातावर गेलं, सोप्पं काहीच नव्हतं त्यात."

"तुम्ही मला आधी सांगितलं का नाहीत? चित्र काढायच्या आधी?"

"काय सांगायचं? दुकानं तशीच असतात. म्हटलं, गाडीही तशीच असेल. मागायची सवय नाही." कात्री चाक्याच्या कानामागे हळू वाजत होती. "आणि मग तुमच्या घरी ते चित्र बघितलं. मी त्यात डाव्या हातात कात्री घेऊन उभा. शेजारी कपाट. कुणाला न सांगता, कुणी न मागता. बायकोला सांगितलं घरी जाऊन. म्हटलं, एका माणसानं बघितलं."

चाक्या मान खाली घालून बसला होता. काही न बोलणं किती सोपं होतं. गाडी बरोबर होती, मामा सुखी होते, चूक कुणाला दिसणार नव्हती. गप्प बसलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ते न बघताच मिळालेलं श्रेय त्याच्या गळ्याशी त्या कापडापेक्षा घट्ट बसलं.

"मामा," तो म्हणाला, "मी नाही बघितलं."

कात्री थांबली.

"मी तुम्हाला आरशात बघून काढलं. आरशात तुम्ही उजवे दिसता. मी कपाट उजवीकडेच काढलं होतं, कात्रीही उजव्या हातात. तपासायला चित्र उलटवलं आणि तेवढ्यात तुम्ही आलात. सुलटं करायचं राहून गेलं. तेच पुढे गेलं. आज कळलं तेव्हा मी माफी मागायला धावत आलो, आणि इथे दारात उभा राहिलो तर…" त्यानं कात्रीच्या दिशेनं मान हलवली. "दोन चुका झाल्या आणि एकमेकींना लागून बरोबर आलं. मी काही केलं नाही."

बाहेर झाडावरून काहीतरी गोल काचेवर टपकन पडलं. चाक्यानं डोळे मिटून घेतले होते. आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काहीतरी काढून घेतलं आणि बदल्यात फक्त स्वतःचा खरेपणा ठेवला, असं त्याला वाटत होतं.

मग मागून बारीक आवाज आला. मामा हसत होते. आधी नाकातून, मग पोटातून, मग खांदा धरून.

"हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात," ते म्हणाले. "आणि तुम्ही बुवा हातच आरशात बघितलात."

चाक्यालाही हसू आलं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कापडाखालून हात काढून ते पुसता येईना.

"दारात किती वेळ उभे होतात?" मामांनी विचारलं.

"आजोबांचे अर्धे केस व्हायचे होते तेव्हापासून."

"मग दारातून तर बघितलंत ना?"

"दारातून बघितलं."

"आरशात नाही?"

"नाही. तुमच्याकडे."

"झालं तर मग," मामा म्हणाले. त्यांनी पायानं खुर्चीचा खटका दाबला आणि खुर्ची फिरवली. आरसा चाक्याच्या पाठीमागे गेला. मामा त्याच्या समोर येऊन उभे राहिले, सरळ, डाव्या हातात कात्री घेऊन. मागच्या उघड्या दारातून रस्त्याचा उजेड त्यांच्या खांद्यावरून आत येत होता. त्यांनी दोन बोटांनी चाक्याची हनुवटी उचलली.

"आता मान वर," ते म्हणाले आणि कामाला लागले.